भुईआवळीच्या मॅडम

रेजिना लोपीस मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या प्रेशर कुकरशी भांडत होत्या.

वसईतल्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे एक लांबट खोली होती. पूर्वी तिथं सायकली ठेवायचे म्हणे. तिथल्या ओट्यावर पंगतीचा भात शिजेल एवढा मोठा कुकर शिट्टी न देता नुसताच फुसफुसत होता. एक ठेंगणी, सावळी बाई, सुती साडीचा पदर कमरेला खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, त्याच्या झाकणावर लाकडी पट्टी आपटत होती. "बस कर तुझं नाटक. आत माझ्या वीस बाटल्या आहेत," असं ती कुकरला सांगत होती.

मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते. संशोधन प्रकल्पासाठी साहाय्यक हवी, अशी नोटीस वाचून विरारच्या चंदनसारहून आले होते. मला वाटलं, ह्या कॅन्टीनच्या बाई. मी त्यांनाच विचारलं, "लोपीस मॅडम कुठं भेटतील?"

"कुकर उघडल्यावर," त्या म्हणाल्या. "तोवर हात धू. कोपरापर्यंत."

माझी मुलाखत ती एवढीच. हात पुसायला फडकं शोधायला लागले तर म्हणाल्या, "पुसायचे नाहीत, वाळू द्यायचे. फडक्यावर काय काय बसलंय तुला माहीत आहे का?" आणि पुढची चार वर्षं मी त्या खोलीत हात वाळवत राहिले.

कुकरचं कारण साधं होतं. बाटल्या निर्जंतुक करायचं कॉलेजचं यंत्र महिन्यातून पंधरा दिवस बंद असायचं. दुरुस्तीवाला येईपर्यंत थांबायचं म्हणजे संशोधन थांबवायचं. मॅडमनी घरून आईचा मोठा कुकर उचलून आणला. आईनं विचारलं तेव्हा "लग्नघरी दिलाय" असं सांगितलं. त्या आयुष्यात जे थोडं खोटं बोलल्या, त्यातलं मला माहीत असलेलं हे एक.

त्यांचं काम भुईआवळीवर होतं. आपल्याकडे कुंडीत, अंगणात, पायरीच्या फटीत न लावता उगवते ती; पानांच्या दांड्याखाली मोहरीएवढी फळं ओळीनं लागतात. मॅडमच्या घरची केळीची वाडी होती. तिथं लहानपणी सुट्टीच्या दिवशी भुईआवळी उपटायचं काम त्यांच्याकडे असायचं. आई तण म्हणून उपटायला सांगायची, आणि शेजारी कुणाला कावीळ झाली की तीच आई तीच भुईआवळी शोधायला पाठवायची. "सकाळी कचरा, संध्याकाळी औषध. मला तेव्हाच संशय आला की ह्या झाडाकडे नीट बघायला हवं," असं त्या सांगायच्या.

मातीत एक जिवाणू असतो. झाडाला जखम झाली की तो तिथून आत शिरतो आणि स्वतःची थोडी जनुकं झाडाच्या पेशीत सोडतो. मग त्या जखमेतून बारीक, दाट, लोकरीसारखी मुळं फुटतात. ही मुळं कापून बाटलीत, नुसत्या अन्नद्रवात वाढवता येतात. त्यांना माती लागत नाही, पानं लागत नाहीत. अशा मुळांत झाडाची औषधी द्रव्यं, विशेषतः शरीरातली झीज रोखणारी ती अँटिऑक्सिडंट द्रव्यं, जास्त तयार होतात का, हे मॅडमना पाहायचं होतं. आईला त्यांनी हे एका वाक्यात समजावलं होतं: "आपण कलम करतो ना, तसंच, फक्त कलम करणारा माळी डोळ्यांना दिसत नाही." आईनं विचारलं होतं, "मग त्याला मजुरी कोण देतं?" ह्या प्रश्नावर मॅडम खूश होत्या. म्हणायच्या, "पीएच.डी.च्या परीक्षकांनी इतका चांगला प्रश्न विचारला नाही. जिवाणू मजुरी घेतोच, त्या मुळांकडून स्वतःचं खाणं करवून घेतो."

स्वच्छ हवेच्या काचेच्या पेटीत हात घालून काम करताना बोलायची सक्त बंदी होती. बोललं की थुंकीचा अंश उडतो आणि चार दिवसांनी बाटलीत हिरवी बुरशी चढते. बुरशी दिसली की मॅडम ओरडत नसत. बाटली उजेडाला धरून "पाहुणे आले" एवढंच म्हणत, आणि ज्याची बाटली असेल त्यानं ती गुपचूप कुकरात नेऊन ठेवायची. स्वतः मात्र त्या मास्कच्या आत, तोंड बंद ठेवून गुणगुणत. चर्चमधलं एक गीत होतं. पानांचे तुकडे जिवाणूंच्या पाण्यात किती वेळ बुडवायचे, ते त्या गीतावर मोजत. सगळी कडवी दोनदा झाली की तुकडे बाहेर. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यांचा घड्याळावर विश्वास नव्हता. "सेल उतरला की ते हळू चालतं. मी उतरले तरी गाणं तेवढंच राहतं."

आमच्याबरोबर जिग्नेश म्हणून नालासोपाऱ्याचा एक पीएच.डी.चा विद्यार्थी होता. घरी पक्का वैष्णव. तोही वर्षभरात ते गीत सुरात गुणगुणायला लागला. एकदा विभागात एक फादर आले होते. त्यांनी कौतुकानं विचारलं, "तुम्ही कुठल्या धर्मग्रामाचे, कुठल्या चर्चचे?" जिग्नेशनं पेटीतून हात न काढता मान हलवली. बोलायला बंदी होती ना.

मॅडमच्या टेबलाच्या खणात सुकेळी असायची. घरच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारखी. प्रयोग फसला की एक मिळायची, जमला की काही नाही. हा उलटा न्याय कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "जमला त्याला खायची शुद्ध नसते. फसलेल्याला भूक लागते."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आमचा प्रयोग जमला. नुसता जमला नाही, डोळे दिपावेत असा जमला. अँटिऑक्सिडंट तपासायची एक सोपी रीत आहे. एक गडद जांभळं रसायन घ्यायचं आणि त्यात मुळांचा अर्क टाकायचा. अर्कात जोर असेल तर जांभळा रंग फिका होत पिवळा होतो. साध्या मुळांच्या अर्कानं रंग थोडा उतरायचा. आमच्या नव्या मुळांचा थेंब पडला आणि बघता बघता नळी हळदीच्या पाण्यासारखी पिवळी झाली. जिग्नेशनं टाळी वाजवली. मॅडमनी तोच प्रयोग तीनदा करायला लावला. तिन्ही वेळा पिवळा. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

एका परिषदेत त्यांनी हे मांडलं. कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली: वसईच्या प्राध्यापिकेनं काविळीच्या झाडाची ताकद कैक पटींनी वाढवली. 'कावीळ' हा शब्द मॅडमनी उच्चारलासुद्धा नव्हता. रविवारी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये फादरनी वेदीवरून अभिनंदन केलं. औषधी अर्क बनवणारी एक कंपनी आली. नवी प्रयोगशाळा बांधून देतो म्हणाली. प्राचार्यांनी इमारतीच्या कुठल्या मजल्यावर ती करायची, हेही ठरवून टाकलं.

आणि एका सकाळी मार्थाबाई आल्या.

मार्थाबाई मॅडमच्या शेजारच्या घरातल्या. त्यांचे यजमान सिमोनकाका यकृताच्या आजारानं अंथरुणाला होते. मार्थाबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवला. "रेजिना, थोडी मुळं दे. उकळून देते त्यांना. मुंबईच्या डॉक्टरकडे जाऊन जाऊन माणूस थकला आता. तुझ्यावर भरवसा आहे."

तेव्हा मॅडमचा स्वतःच्या प्रयोगावर पूर्ण विश्वास होता. तरी त्या म्हणाल्या, "मार्था, हे औषध नाही. नळीतला रंग बदलला, एवढंच आम्हाला माहीत आहे. माणसाच्या पोटात काय होईल ते कुणालाच माहीत नाही."

"पेपरात आलंय."

"पेपरानं जास्त लिहिलं."

"फादर बोलले."

मार्थाबाईंचे डोळे भरले होते. "दुसऱ्या कुणाला दिली असतीस. शेजारणीला नाही म्हणतेस," असं म्हणून त्या रिकामा डबा उचलून निघून गेल्या. मॅडम त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेल्या. परत येऊन त्यांनी हात धुतले, आणि बराच वेळ वाळवत उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्यांनी तोच प्रयोग नव्यानं सुरू करायला सांगितला. मुळांची नवी खेप, आणि यावेळी ती माझ्याऐवजी जिग्नेशच्या हातून. कंपनीची माणसं कागद घेऊन दर आठवड्याला यायची, त्यांना त्या "अजून थोडं" म्हणत राहिल्या. जिग्नेशची मुळं वाढली, अर्क निघाला, थेंब पडला. रंग थोडासा उतरला आणि तिथंच थांबला. जिग्नेश रडवेला झाला. आपलंच काही चुकलं असं त्याला वाटलं. मलाही तेच वाटलं, हे कबूल करते.

मॅडमनी त्याला सुकेळं दिलं. मग फ्रीजमधून माझ्या जुन्या खेपेचा उरलेला अन्नद्रव काढला. त्यात मूळ नव्हतं, पान नव्हतं. नुसतं मुळांना वाढवायचं पाणी. त्याचा एक थेंब त्यांनी जांभळ्या नळीत टाकला.

नळी पिवळी झाली.

मॅडमनी नळी उजेडाला धरली. "ह्यात झाडच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हे काय आहे?"

मला ते क्षणात आठवलं. पानांचे कापलेले तुकडे काळे पडत होते, म्हणून मी अन्नद्रवात व्हिटॅमिन सी टाकायला लागले होते. सगळीकडे करतात, चुकीचं काही नाही त्यात. पण व्हिटॅमिन सी हेच मुळी एक जोरदार अँटिऑक्सिडंट. ते फक्त नव्या मुळांच्या बाटल्यांत होतं, साध्या मुळांच्या बाटल्यांत नव्हतं. आणि शेवटी मुळं मी नीट धुतली नव्हती. आम्ही इतके दिवस त्या व्हिटॅमिनचाच जोर मोजत होतो. सगळ्यात वाईट म्हणजे मी ते वहीत लिहिलंच नव्हतं, म्हणून जिग्नेशच्या बाटल्यांत ते गेलंच नाही.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मॅडम स्टुलावर बसल्या. खिडकीबाहेर एनसीसीची मुलं कवायत करत होती, ती त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वही काढ. आता लिही, व्हिटॅमिन सी किती टाकलंस ते."

मी मागची पानं चाळायला लागले.

"मागं नाही. आजच्या तारखेला लिही. मागच्या तारखेला लिहिलंस तर दुसरी चूक होईल, आणि ती मी माफ करणार नाही."

पहिली माफ केली, हे मला त्या वाक्यावरून कळलं. वेगळं असं त्या कधी बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी त्या प्राचार्यांकडे गेल्या. मला बरोबर नेलं आणि दारात उभं राहायला सांगितलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी मागवलं. म्हणाले, "मॅडम, लोक विसरतात. पुढच्या लेखात एक ओळ घाला दुरुस्तीची. कंपनीला एवढ्यात कशाला सांगायचं? तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. लॅब होऊ द्या, मग त्याच लॅबमध्ये करा दुरुस्ती."

"सर, त्या लॅबचा पाया व्हिटॅमिन सीचा होईल," मॅडम म्हणाल्या. "ते पाण्यात विरघळतं."

प्राचार्यांना हसू आलं, पण त्यांनी विचारलंच, "चूक कुणाची झाली?"

"वहीवर सही माझी आहे."

दारात मी उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परिषदेला पत्र गेलं. कंपनीला पत्र गेलं, कंपनी यायची थांबली. वार्ताहराला त्यांनी तीनदा फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, चुकलं ही काय बातमी आहे?" शेवटी आतल्या पानावर बोटभर मजकूर आला. मॅडमनी तो कापून विभागाच्या फलकावर लावला, शाल-श्रीफळाच्या फोटोच्या बरोबर शेजारी. फोटो आता उतरवूया का, असं शिपाईकाकांनी विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. दोन्ही माझेच आहेत."

चर्चचं मात्र राहिलं होतं. फादर म्हणाले, "रेजिना, इथं कुणाला ते शास्त्र कळलंय? कशाला त्रास करून घेतेस?" त्या म्हणाल्या, "फादर, अभिनंदन कळलं ना सगळ्यांना? मग हेही कळेल."

त्या रविवारी मी गेले होते. मागच्या बाकावर बसले. मिस्साची प्रार्थना संपल्यावर मॅडम पुढे जाऊन उभ्या राहिल्या. तेच कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पदर. "माझ्या कामाबद्दल तुम्ही ऐकलं ते चुकीचं होतं," त्यांनी शुद्ध मराठीत सुरुवात केली. "मी ताकद मोजली, पण ती झाडाची नव्हती. आम्हीच वरून घातलेल्या दुसऱ्या पदार्थाची होती." मग त्या थांबल्या, त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं, आणि त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागल्या. मला सगळे शब्द कळले नाहीत. मार्थाचं नाव कळलं, सिमोनचं कळलं, आणि डॉक्टरांची औषधं सोडू नका असं त्या परत परत सांगत होत्या तेवढं कळलं. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. एक बाई उठून बाहेर गेली. मॅडमचा आवाज कापत होता. वर्गात तो कधी कापलेला मी ऐकला नव्हता.

बाहेर अंगणात लोक घोळक्यानं उभे होते आणि मॅडमभोवती कुणी नव्हतं. मी जाणार तेवढ्यात मार्थाबाई आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. "तेव्हा मी रडले, तू दिली नाहीस. मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही," त्या म्हणाल्या. मग मॅडमचा हात धरून म्हणाल्या, "मंगळवारी हॉस्पिटलात जायचंय त्यांना घेऊन. येतेस?"

मॅडम गेल्या. पुढचं वर्षभर दर मंगळवारी जायच्या. विभागाच्या वेळापत्रकात त्यांचे मंगळवारचे तास कायमचे हलले. मार्थाबाई औषधाच्या चिठ्ठ्या सांभाळायच्या, मॅडम डॉक्टरांना प्रश्न विचारायच्या. एका तरुण डॉक्टरनं "तुम्ही पेशंटच्या कोण?" असं विचारलं, तर मार्थाबाईंनीच उत्तर दिलं, "ती आमची शास्त्रज्ञ आहे." सिमोनकाका हळूहळू उठून बसले, मग ओटीवर यायला लागले. मुळांचा त्यात काही वाटा नाही, हे मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगायच्या.

उरलेली दोन वर्षं आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. मुळं इतकी धुतली की जिग्नेश म्हणाला, आता ह्यांना कपड्यांसारखी इस्त्री करू. शेवटी भुईआवळीच्या एका जातीची मुळं साध्यापेक्षा खरोखर सरस निघाली. पहिल्या आकड्याच्या जवळपासही नाही, पण सरस. मॅडमनी तो छोटा लेख निवृत्तीच्या आदल्या महिन्यात पाठवला. त्यात लेखकांची तीन नावं होती. माझं पहिलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, हे बरोबर नाही." त्या म्हणाल्या, "मुळं कुणी धुतली?"

निवृत्तीनंतर त्या वाडीतच रमतील असं सगळ्यांना वाटलं. त्या रमल्या नाहीत. पिशवी, जुनी वर्तमानपत्रं आणि छत्री घेऊन तालुकाभर झाडं गोळा करत फिरायला लागल्या. मी तोवर कामणला एका कंपनीच्या तपासणी विभागात लागले होते. कधीमधी फोन यायचा, "सुट्टी आहे का गं? चल."

असाच एका फेब्रुवारीत फोन आला आणि आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. त्यांना मर्यादवेल हवी होती, वाळूवर पसरते ती, जांभळ्या फुलांची. सकाळचे दहा वाजले असतील. सुरूच्या झाडांखाली सहलीची माणसं डबे सोडत होती. मॅडम थोड्या वाळल्या होत्या, चालताना मधूनच थांबत होत्या, पण कुणी हात धरलेला चालत नव्हता. जाळी दुरुस्त करत बसलेल्या एका कोळणीनं हाक मारली.

"काय शोधता बाय? पानी चढतंय, तिकडं जाऊ नका."

मॅडमनी वेलाचं पान दाखवलं. "हिला तुमच्यात काय म्हणतात?"

कोळणीनं नाव सांगितलं. मग जाळी बाजूला ठेवून म्हणाली, समुद्रात जेलीफिश चावली की हीच पानं ठेचून लावतात, आग थांबते. "तुमाला ठावं नाय?"

मला वाटलं, आता मॅडम विचारणार: किती जणांना लावलं, न लावता किती जणांची आग थांबली, वेळ कुणी मोजला. त्यांनी तसं काही विचारलं नाही. छत्री वाळूत रोवली, बूट काढले, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "कसं ठेचतात, दाखव."

मला दुपारच्या पाळीला पोहोचायचं होतं. मी दोनदा सांगितलं, "मॅडम, मी निघते." दुसऱ्यांदा त्यांनी मान न वळवता हात हलवला. वाळूच्या चढावर आल्यावर मी मागे पाहिलं. कोळणीनं दोन दगडांमध्ये पान धरलं होतं. मॅडम इतक्या पुढे वाकल्या होत्या की दोघींची डोकी एकमेकींना टेकत होती. कोळणीनं पहिलं पान ठेचलं आणि दुसरं मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनी दगड उचलला. त्यांचं काहीतरी चुकलं असावं, कारण कोळणी मोठ्यानं हसली, तिनं त्यांचं मनगट धरलं आणि दगड परत नीट हातात दिला.

त्या वर्षी पावसाळ्याआधीच मॅडम गेल्या, झोपेत. त्या दिवशी कळंबला मी वळून निघाले तेव्हा त्या दुसरं पान ठेचत होत्या.